कसर

मला पियानो वाजवता येत नाही, हे आधीच सांगतो.
चाळीस वर्षं ट्रॉलीबस दुरुस्त केल्या मी वालपराईसोत,
डाव्या हाताची दोन बोटं एका स्प्रिंगने ठेवून घेतली.
तरी रविवारच्या बाजारात, गंजक्या नळांच्या
आणि मुंडकं नसलेल्या बाहुल्यांच्या शेजारी
स्वरलिपीचा गठ्ठा दिसला की पाय अडतो.

किलोवर विकतात. मासळीहून स्वस्त.

वॉल्ट्झ, माझुर्का, पोल्का, हाबानेरा.
मोठ्या मैफिलीत ज्याला कुणी पाट मांडला नाही
असं दिवाणखान्यातलं संगीत :
जेवणं उरकल्यावर, कॉफी येईपर्यंत
थोरल्या मुलीने वाजवायचं
आणि कुणा होतकरू तरुणाने पान उलटायचं.
एवढंच त्याचं काम.
तेवढ्यात लग्नं जमायची.

मुखपृष्ठावर शिळाछापाचा हंस,
'कुमारी एर्मेलिंदा सांतेलिसेस हिला सादर',
आणि आत, तिसऱ्या ओळीखाली, शिसपेन्सिलीने :
बाई म्हणतात चौथं बोट.
चौथं बोट नाही म्हणतं.

दुसऱ्या एका पोल्काच्या पाठीवर वाण्याची यादी :
साखर, काळा दोरा, कोळसा,
बाळाचं दूध
(हे खोडलेलं).
ती पोल्का मी अजून कुणाकडून वाजवून घेतलेली नाही.

पावाच्या मऊ गराने डाग पुसतो,
पान काचेखाली चपटं करतो, त्याची प्रत काढतो,
मागेल त्याला पाठवतो. टपालाचे पैसेसुद्धा घेत नाही.
ओसोर्नोच्या शाळेतल्या बाई, पुंता आरेनासचा दातांचा डॉक्टर,
तुरुंगातून सुटलेला एक जण, त्याला फक्त माझुर्का लागतात.
जुनी पुस्तकं विकणारा बाल्दोविनोस हसतो :
"अरे नार्सिसो, एकुलतं एक असतं त्यालाच भाव.
वाटलंस की संपलं."
मी म्हणतो, नाही वाटलं तर कसर खाते.

आणि खाल्लंच होतं तिने.
एर्मेलिंदाच्या वॉल्ट्झची तिसरी-चौथी पानं,
चाळणी होऊन हातात आली, मग तीही नाही.
अकरा वर्षं मी तो वॉल्ट्झ तसाच वाटला,
मध्ये एक कोरा कागद घालून, वर लिहून :
'कुणाकडे असतील तर.'

मागच्या जूनमध्ये ल्युब्लियानाहून पाकीट आलं.
झ्देंका म्रहार नावाच्या बाईंच्या आईची पेटी,
पेटीत हातमोजे, हातमोज्यांखाली दोन पानं.
तीच. पण शिकाऊ मुलींसाठी काढलेल्या सोप्या आवृत्तीतली :
माझा वॉल्ट्झ काळी तीनमध्ये,
त्यांची पानं पांढरी पाचमध्ये.
समासात पेन्सिलीने चारचा आकडा,
रागाने दोनदा गोल केलेला.

खालच्या आळीतली रायेन हुएंचुमान, वय पंधरा,
तिला दिलं वाजवायला, चर्चच्या मागच्या खोलीत,
जिथल्या पियानोवर खुर्च्या रचून ठेवतात.
दोन पानं नीट गेली.
तिसऱ्यावर अख्खा वॉल्ट्झ
अर्धा सूर वर उचलला गेला, जणू कुणी काखेत हात घालून;
पाचव्यावर धपकन खाली.
मी म्हटलं, थांब, कुणाकडून तरी बदलून लिहून घेतो,
एका पट्टीत आणतो.

ती थांबली नाही. वाजवता वाजवताच म्हणाली,
"आमच्या घरी स्वयंपाकघर वर, झोपायची खोली खाली,
मध्ये तीन पायऱ्या.
काका, या गावात एका पातळीवर काय आहे?"

पुन्हा पहिल्यापासून वाजवलं तिने.
या वेळी मी पानं उलटली,
उरलेल्या तीन बोटांनी, जरा उशिरा.

आता तो वॉल्ट्झ असाच जातो सगळीकडे.
कोऱ्या कागदाच्या जागी दोन परकी पानं,
आणि वर माझ्या अक्षरात :
'तिसऱ्या पानावर पायरी आहे. जपून.'